नोनौटीचे दोन मजूर: किरिबासमध्ये कॅथलिक मिशन कसे रुजले

किरिबासच्या २०२० च्या जनगणनेत ५८.९ टक्के लोकांनी आपला धर्म कॅथलिक असा नोंदवला. यात एक कोडे आहे. या बेटांवर प्रोटेस्टंट मिशनरी १८५७ साली आले आणि कॅथलिक धर्मगुरू १८८८ साली, म्हणजे तब्बल ३१ वर्षे उशिरा. तोवर प्रोटेस्टंटांनी इथल्या भाषेला लिपी दिली होती, बायबलचा नवा करार छापला होता, शाळा काढल्या होत्या. मग मागून आलेले पुढे कसे गेले?

उत्तर शोधताना युरोपातून निघालेल्या जहाजांपेक्षा ताहितीहून घरी परतलेल्या मजुरांकडे जास्त पाहावे लागते. त्यांना बाजूला ठेवून सांगितलेला या मिशनचा इतिहास अर्धाच राहतो.

आधी जागा समजून घेऊ. किरिबास म्हणजे पॅसिफिकच्या मधोमध, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेली ३३ बेटे. सगळी जमीन एकत्र केली तर ८११ चौरस किलोमीटर भरते, पण ती ज्या समुद्रात विखुरली आहे तो सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटरचा. बानाबा सोडले तर जवळजवळ सगळी बेटे प्रवाळाची कंकणे आहेत: मध्ये खाजण, भोवती काही शे मीटर रुंदीची पट्टी, उंची दोन-तीन मीटर. माती जवळपास नाही. नारळ, केवडा, फणसाच्या जातीचे एक झाड आणि खड्डे खणून त्यात लावलेला ‘बाबाई’ हा मोठा अळू, एवढ्यावर आणि माशांवर माणसे जगत आली.

भाषेत फक्त तेरा अक्षरे आहेत. ‘स’ हे अक्षर नाही. ‘ति’ लिहायचे आणि ‘स’ वाचायचे. म्हणून ‘किरिबाती’ असे लिहिलेले नाव किरिबास असे उच्चारले जाते, आणि तेही मुळात ‘गिल्बर्ट्स’ या इंग्रजी नावाचे स्थानिक रूप आहे. ख्रिसमस बेट झाले ‘किरिसमास’. प, ल, ड, फ हेही ध्वनी नसल्यामुळे पेत्रुसचा बेतेरो झाला आणि कॅथलिकचा ‘कातोरिका’.

आता १८६० च्या दशकात जाऊ. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे जगात कापसाची टंचाई पडली. त्याच टंचाईने मुंबईत शेअरचे वेड पेटवले आणि वऱ्हाड-खानदेशात कापसाचा पेरा वाढवला. पॅसिफिकमध्ये ताहिती बेटावर तिने कापसाचे मोठे मळे उभे केले. मळ्यांना हात हवे होते. चीनमधून मजूर आणले, तसेच गिल्बर्ट बेटांवरूनही. मुदतीच्या करारावर, बहुतेकांना कराराचा कागद वाचता येत नसताना, ही माणसे नेली गेली. ताहिती फ्रेंचांच्या अमलाखाली होते आणि तिथे पिक्पस संघाचे कॅथलिक धर्मगुरू काम करत. त्यांच्याकडून काही गिल्बर्टी मजुरांनी धर्मशिक्षण घेतले, बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्यातले दोघे, बेतेरो तेरावाती आणि तिरोई, १८८० च्या आसपास आपल्या नोनौटी बेटावर परतले. सोबत जे शिकले ते होते: प्रार्थना, जपमाळ, प्रश्नोत्तरांची धर्मशिकवण. ते कुणी पाठवलेले नव्हते. त्यांच्याकडे पगार नव्हता, अधिकारपत्र नव्हते. त्यांनी शिकवायला सुरुवात केली, केवड्याच्या पानांनी शाकारलेली प्रार्थनाघरे उभी राहिली आणि शेकडो लोकांचा बाप्तिस्मा झाला.

धर्मगुरू नसताना बाप्तिस्मा कसा देता आला, हा प्रश्न इथे येतो, आणि सगळा पेच त्याच्या उत्तरात आहे. कॅथलिक नियमात बाप्तिस्म्याचा नेहमीचा अधिकार धर्मगुरूचा असला, तरी गरजेच्या वेळी कोणीही माणूस तो देऊ शकतो. तीन गोष्टी लागतात: खरे पाणी, जे माथ्यावरून वाहिले पाहिजे, ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हे ठरलेले शब्द, पाणी ओतत असतानाच उच्चारलेले, आणि चर्चला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू. शब्द चुकले किंवा पाणी नुसते शिंपडले आणि अंगावरून वाहिलेच नाही, तर शंका राहते. अशा वेळी मागून आलेला धर्मगुरू ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट घालून तो पुन्हा देतो. झालेला बाप्तिस्मा मात्र दुसऱ्यांदा कधीच देत नाहीत.

पण मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची मुख्य उपासना, फक्त धर्मगुरूच करू शकतो. कुमसार, म्हणजे पापांची कबुली, ऐकून पापमुक्ती देणे, मरणासन्न माणसाला तैलाभ्यंग करणे ही कामेही त्याचीच. म्हणजे बेतेरो आणि तिरोई लोकांना दारापर्यंत आणू शकत होते. घरातले मुख्य ताट वाढू शकत नव्हते. प्रोटेस्टंट पाळकाची अडचण अशी नव्हती. एखादा सामोअन किंवा हवाईयन शिक्षक बायबल वाचून, प्रवचन करून उपासना पूर्ण करू शकत असे. म्हणून नोनौटीच्या लोकांनी धर्मगुरू पाठवा अशी विनवणी बाहेर धाडली आणि वाट पाहिली. ही वाट जवळजवळ आठ वर्षे चालली.

एवढा उशीर का लागला? कॅथलिक मिशनची कामे रोममधून वाटली जात. १६२२ साली स्थापन झालेले धर्मप्रसाराचे खाते, ज्याला ‘प्रोपगांडा फिदे’ म्हणतात, जगाच्या नकाशावर क्षेत्रे आखून एकेक क्षेत्र एकेका संघाकडे सोपवत असे. पूर्व ओशनिया १८३३ साली पिक्पस संघाकडे गेला, पश्चिम ओशनिया १८३६ साली मारिस्ट संघाकडे. ताहितीतले धर्मगुरू मजुरांना ओळखत होते, पण गिल्बर्ट बेटे त्यांच्या हद्दीबाहेर होती. मेलानेशिया आणि मायक्रोनेशियाची जबाबदारी १८८१ साली फ्रान्सच्या इसुदाँ गावच्या पवित्र हृदय संघाला मिळाली. या संघाची स्थापना १८५४ मधली, आणि १८८० च्या सरकारी आदेशांनी फ्रान्समधल्या अनेक संघांसारखेच त्यालाही घराबाहेर काढले होते. स्वतःचे छप्पर गेलेल्या या माणसांवर जवळजवळ अर्धा महासागर सोपवला गेला. त्यांनी आधी न्यू ब्रिटन गाठले, मग पापुआ. नोनौटीची पाळी त्यानंतर आली.

अशा क्षेत्रावर रोम थेट पोपच्या अधिकाराखाली काम करणारा महागुरू, म्हणजे बिशप, नेमते. त्याला व्हिकार अपोस्तोलिक म्हणतात. मराठी मुलखाला हे पद ओळखीचे असायला हवे. गोव्याच्या दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो यांना १६३७ साली रोममध्ये महागुरूपदाची दीक्षा मिळाली आणि ते आदिलशाही प्रदेशाचे व्हिकार अपोस्तोलिक झाले. पोर्तुगीज राजाच्या हाती असलेल्या धर्मव्यवस्थेला वळसा घालून काम करता यावे, हा त्यामागचा उद्देश होता. गोवा आणि वसईत राजसत्तेचा हात धर्मकार्यावर होता: खर्च राजाचा, नेमणुकीत राजाचा शब्द. गिल्बर्ट बेटांवर तसे नव्हते. तिथे मिशन १८८८ साली आले आणि ब्रिटिशांनी संरक्षित प्रदेश जाहीर केला तो १८९२ साली. शिवाय धर्मगुरू फ्रेंच आणि सत्ता इंग्रजांची, म्हणजे राजाश्रय नावालाही नाही.

मग पैसा कुठून येई? बराचसा फ्रान्समधल्या गरिबांच्या खिशातून. ल्योंमध्ये १८२२ साली पोलीन जारिको या तरुणीच्या कल्पनेतून धर्मप्रसाराला मदत करणारी एक संस्था उभी राहिली. तिची पद्धत साधी होती. प्रत्येकाने आठवड्याला एक सू द्यायचा. सू म्हणजे फ्रँकचा विसावा भाग. दहा जणांमागे एक गोळा करणारा, अशा दहा गटांवर एक, त्यावर आणखी एक. रक्कम इतकी लहान की गिरणीतली बाईही देऊ शकेल, आणि रचना अशी की कुणालाही दहापेक्षा जास्त दारे ठोठावावी लागू नयेत. या पैशात प्रवास आणि सुरुवातीचे सामान भागे. बेटावर रोजचे जगणे मात्र लोकांनी दिलेल्या मासळीवर, नारळावर आणि खोबऱ्यावरच चाले.

१० मे १८८८ रोजी तिघे नोनौटीला उतरले: धर्मगुरू जोसेफ लेरे, धर्मगुरू एदुआर बोंताँ आणि व्रतस्थ बंधू कॉनराड वेबर. किनाऱ्यावर त्यांची वाट पाहणारा समाज आधीच तयार होता. पॅसिफिकमध्ये हे फार दुर्मीळ आहे. बहुतेक ठिकाणी मिशनरी आधी येतो आणि भाविक मिळायला वर्षे जातात. इथे क्रम उलटा होता.

तिघांमधल्या बंधूकडे दुर्लक्ष करू नये. व्रतस्थ बंधूला धर्मगुरूची दीक्षा नसते. तो सुतार, गवंडी, होडी बांधणारा, स्वयंपाकी असे सगळे असतो, आणि प्रवाळबेटावर त्याच्यावाचून काही उभे राहत नाही. पानांचे छप्पर काही वर्षांत कुजते. टिकाऊ इमारतीला चुना लागतो. कोकणात शिंपले भाजून चुना करत, तसा इथे प्रवाळ भाजत. खड्ड्यात लाकूड आणि प्रवाळाचे तुकडे यांचे आळीपाळीने थर रचायचे, पेटवायचे, धग टिकवायची. कळीचा चुना निघाला की पाणी घालून विझवायचा आणि वाळूत कालवायचा. घोळ तीन ठिकाणी होतो. लाकूड कमी पडले की मोठ्या तुकड्यांचा गाभा कच्चा राहतो आणि चुन्यात नुसताच खडा उरतो. चुना पुरता विझला नाही, तर उरलेले कण भिंतीत गेल्यावर हळूहळू फुगतात आणि गिलावा फोडतात. आणि वाळू-प्रवाळ गोड्या पाण्याने धुतले नाहीत, तर त्यातले मीठ हवेतली ओल ओढून घेत राहते. पण धुवायला गोडे पाणी आणायचे कुठून? जमिनीखाली पावसाच्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. विहीर थोडी खोल गेली किंवा उपसा वाढला की खारे पाणी वर येते. जळणासाठी झाड तोडावे तर ते कुणाच्या तरी ताटातले अन्न असते. आबायांग बेटावर कोइनावा गावी उभे असलेले दगडी चर्च पाहताना हा सगळा हिशेब लक्षात ठेवावा.

दुसरी अडचण मिस्सेच्या वेदीवरची. नियमानुसार भाकर निव्वळ गव्हाचीच हवी आणि द्राक्षारस द्राक्षाचाच. प्रवाळाच्या वाळूत गहू होत नाही आणि द्राक्षाचा वेल तर नाहीच. नारळाची ताजी माडी, ‘करेवे’, रोज सकाळ-संध्याकाळ काढली जाते, पण ती चालत नाही. बाबाईची भाकरही चालत नाही. म्हणजे ज्या विधीसाठी धर्मगुरू हवा होता, त्या विधीची सामग्री दर वेळी हजारो किलोमीटरांवरून जहाजाने आणावी लागे. दमट हवेत पिठाला कीड आणि बुरशी लागे. जहाज चुकले की धर्मगुरू असूनही पंचाईत.

आणि जहाजे चुकत. या पट्ट्यात वारा कधी कित्येक दिवस पडलेला असतो, प्रवाह पश्चिमेकडे ओढतो, आणि बेट इतके सखल की लहान गलबताच्या डेकवरून माडांचे शेंडे जेमतेम २० किलोमीटरांच्या आत दिसतात. तेवढ्या अंतराने हुकलो, तर बेट मागे पडले तरी कळत नाही. एका धर्मगुरूकडे अनेक गावे, बऱ्याचदा एकाहून अधिक बेटे असत. तो नसताना रविवारची प्रार्थना, मुलांचे शिक्षण, मृतांचे दफन हे सगळे स्थानिक धर्मशिक्षक पाहत. बेतेरो आणि तिरोई यांनी सुरू केलेली पद्धत संपली नाही. तीच मिशनचा कणा झाली.

आता सुरुवातीच्या कोड्याकडे. प्रोटेस्टंटांची ३१ वर्षांची आघाडी कुठे गेली? ती दोन वेगळ्या मिशनची होती, हे आधी पाहावे. उत्तरेत बॉस्टनचे अमेरिकन मिशन होते. हायरम बिंगहम हे १८५७ साली आबायांगला आले. भाषेचे काम त्यांनी अफाट केले. संपूर्ण बायबलचा अनुवाद १८९० साली पुरा झाला. पण आजारपणामुळे ते काही वर्षांतच हवाईला परतले आणि अनुवादाचे बरेच काम तिथूनच केले. बेटे हवाईयन पाळकांवर सोपवली गेली, माणसे आणि पैसा आटत गेला, आणि १९१७ साली अमेरिकन मिशनने आपले क्षेत्र लंडन मिशनरी सोसायटीला देऊन टाकले. दक्षिणेत याच लंडनच्या मिशनने १८७० पासून सामोअन पाळक आणले होते. ते कुटुंबासह गावात राहत. म्हणून आरोराए आणि तामाना ही दक्षिणेची बेटे आजही बहुतांशी प्रोटेस्टंट आहेत. कॅथलिक मिशन वाढले ते मुख्यतः मधल्या आणि उत्तरेच्या बेटांवर, जिथे आधीच्या मिशनची पकड सुटत चालली होती. आधी कोण आले यापेक्षा गावात मुक्काम कुणाचा राहिला, हे जास्त महत्त्वाचे ठरले.

धर्मभगिनी आल्यावर हा मुक्काम पक्का झाला. सामोअन पाळकाची बायको मुलींना शिकवू शकत असे. एकटा धर्मगुरू बायकांत काम करू शकत नव्हता. १८९५ साली पवित्र हृदयमातेच्या संघाच्या धर्मभगिनी आल्या आणि मुलींचे शिक्षण, आजाऱ्यांची सेवा सुरू झाली. १८९७ साली रोमने गिल्बर्ट बेटांचे स्वतंत्र क्षेत्र केले आणि लेरे त्याचे पहिले व्हिकार अपोस्तोलिक झाले. वसाहती सरकारने शिक्षणाचा भार दीर्घकाळ मिशनांवरच टाकला होता, त्यामुळे शाळा निवडणे म्हणजे पंथ निवडणे झाले. धर्मगुरू एर्नेस्ट साबातिए यांनी इथल्या भाषेचा फ्रेंचमध्ये मोठा शब्दकोश केला. एका धर्मभगिनीने त्याचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९७१ साली निघाला. अभ्यासकांना तो अजूनही लागतो.

चालीरीतींचाही भाग होता. दक्षिणेच्या प्रोटेस्टंट शिस्तीत नाच, तंबाखू, माडी यांवर कडक बंदी होती. कॅथलिक धर्मगुरू तुलनेने सैल राहिले. ज्या समाजात नाच म्हणजे घराण्याची आठवण आणि गावाची प्रतिष्ठा, तिथे हा फरक लहान नव्हता. शिवाय दोन गावांत जुने वैर असेल आणि एकाने एक पंथ धरला, तर दुसरे दुसरा धरी. याला निव्वळ श्रद्धेचा विजय म्हणणे मला प्रामाणिक वाटत नाही.

या स्पर्धेची किंमतही सांगितली पाहिजे. ताबितेउएआ बेटावर १८८०-८१ च्या सुमारास, कॅथलिक धर्मगुरू यायच्या आधीच, कापू आणि नालिमू या हवाईयन पाळकांच्या प्रभावाखाली उत्तरेकडचे ख्रिस्ती दक्षिणेवर चालून गेले आणि शेकडो माणसे मारली गेली. या बेटाच्या नावाचाच अर्थ ‘इथे राजा नाही’ असा. निर्णय सभागृहात वडीलधाऱ्यांनी बसून घ्यायचे. त्या परंपरेवरचा हा घाव होता. १९३० साली ओनोतोआ बेटावर प्रोटेस्टंटांतल्या एका उन्मादी गटाने देव आता उतरणार अशी हाक दिली आणि कॅथलिक कुटुंबांवर हल्ला केला, जीव गेले.

रक्त न सांडता झालेले नुकसान मला अधिक खोल वाटते. किरिबासच्या गावाचे हृदय म्हणजे ‘मानेआबा’: खांबांवरचे, चारी बाजूंनी उघडे, अजस्र छपराचे सभागृह. प्रत्येक घराण्याची त्यात ठरलेली बैठक असते, तिला ‘बोती’ म्हणतात. कुणी कुठे बसायचे, कुणी आधी बोलायचे, हे त्यावरून ठरते. पंथ आले तसे चर्चचे वेगळे मानेआबा उभे राहिले, आणि कितीतरी ठिकाणी गावाची बैठक पंथाच्या बैठकीत वाटली गेली. घराण्याच्या बोतीवर बसलेले दोन भाऊ रविवारी दोन छपरांखाली बसू लागले. त्याच वेळी चर्चच्या मानेआबाने एक कामही केले. राजधानी असलेल्या दक्षिण तारावात आता साठ हजारांवर माणसे दाटीने राहतात. दूरच्या बेटांवरून तिथे आलेल्या लोकांना या सभागृहात बसायला आपली म्हणावी अशी जागा मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्य डिसेंबर १९४१ मध्ये आले आणि नोव्हेंबर १९४३ च्या बेतिओच्या लढाईने तारावाचा तो कोपरा उजाड केला. त्यानंतर बदल भराभर झाले. १९६६ साली तारावा हा पूर्ण धर्मप्रांत झाला. १९७८ साली पॉल मेआ यांची नेमणूक झाली. ते इथले पहिले स्थानिक महागुरू. १२ जुलै १९७९ रोजी देश स्वतंत्र झाला. म्हणजे बेतेरो आणि तिरोई परतल्यापासून स्थानिक माणूस महागुरूच्या आसनावर बसेपर्यंत जवळजवळ शंभर वर्षे गेली. दिवाडीच्या मातेउश द कास्त्रोंना मात्र ते पद १६३७ मध्येच मिळाले होते. धर्मगुरू होण्यासाठी लागणारे लांब शिक्षण, त्यासाठी बेट सोडून जाणे, आणि वंश-घराण्यावर उभ्या असलेल्या समाजात ब्रह्मचर्याची अट, या तिन्हींमुळे वाट लांबली. पण युरोपीय मिशनऱ्यांची सूत्रे सोडण्याची मंद गतीही त्यात होतीच.

आजचा धर्मप्रांत तारावा आणि नाऊरू या नावाने चालतो. त्याच्या पूर्वेकडचे किरिसमास बेट तारावापासून तीन हजार किलोमीटरांहून दूर आहे. १९९५ च्या सुरुवातीला सरकारने दिनांकरेषा पूर्वेला सरकवली. त्याआधी तारावात रविवारची मिस्सा चाले, तेव्हा किरिसमासवर शनिवार असे. तिथली मिस्सा दुसऱ्या दिवशी, तारावाच्या सोमवारी होई. आता दोन्हीकडे रविवार एकाच दिवशी येतो, किरिसमासवर दोन तास आधी.